जुनी गाडी, लांबची वाट

“डॉक्टर, गाडीचं सर्व्हिसिंग झालं. आता आमचं दोघांचं करून द्या.”

गेल्या भाद्रपदात माझ्या दवाखान्यात येऊन गुरुजींनी असे सांगितले, तेव्हा मी हसलो होतो. गुरुजी म्हणजे साताऱ्याजवळच्या एका शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. वय ७१. मधुमेह आणि प्रोस्टेटचा त्रास असला तरी प्रकृती ठणठणीत. त्यांच्या पत्नीचे, आम्हा सर्वांच्या काकूंचे, वय ६८. दोन वर्षांपासून त्यांची स्मृती हळूहळू विरळ होत चालली आहे. काकूंच्या मनात फार वर्षांपासून नर्मदा परिक्रमा होती. पायी चालणे आता शक्य नव्हते. बसच्या सहलीत रोज नवे गाव, नवी खोली, नवे स्नानगृह. त्यात काकू रात्री गोंधळून जातात, हा अनुभव त्यांनी एकदा घेतला होता. म्हणून गुरुजींनी सोळा वर्षे वापरलेली एक टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेतली, मागची आसने काढून तेथे पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतली आणि तिचे चालते घर केले. “गाव रोज बदलेल, पण खोली तीच राहील,” हा त्यांचा हिशेब होता. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्या माणसाने काढलेला इतका शहाणा हिशेब मी क्वचितच ऐकला आहे.

आपल्यापैकी बहुतेकांकडे अशी गाडी नसेल. तरीही मुलाच्या मोटारीतून, देवदर्शनाच्या बसमधून किंवा भाड्याच्या वाहनातून लांबचा प्रवास आपण करतोच. म्हणून या वेळी गुरुजींच्या गाडीच्या निमित्ताने, जुन्या वाहनाची आणि जुन्या शरीराची लांबच्या वाटेसाठी तयारी कशी करावी, हे पाहू. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगायची आहे.

गाडीची तपासणी

गाडीविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही. परंतु गुरुजींच्या वहीतील यादी मी वाचली आहे आणि ती आपल्या कामाची आहे. गाडी किती किलोमीटर धावली याइतकेच ती किती वर्षे जगली यालाही महत्त्व असते. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. टायरच्या बाजूवर चार आकड्यांची एक खूण असते; पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालातील तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी असे टायर लांबच्या प्रवासाला नेऊ नयेत. इंजिनाच्या पाण्याच्या नळ्या, पट्टे आणि ब्रेकच्या रबरी नळ्या यांचेही तसेच. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पायाखाली ब्रेक लागतच नाही. म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचे असते. दिव्यांची आणि पंख्याची नवी तारजोडणी फ्यूजशिवाय करू नये.

कागदपत्रांचेही एक काम असते. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून घेऊन नूतनीकृत करावी लागते. वाहनाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरबदल करता येत नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ त्यासाठीच आहे. म्हणून फेरबदलाची नोंद परिवहन कार्यालयात रीतसर करून घ्यावी. अन्यथा अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकू शकतो.

चालकाची तपासणी

यानंतर गुरुजींनी माझ्यापुढे नमुना १-अ ठेवला. वाहनचालक परवान्याच्या नूतनीकरणासाठी लागणारे हे वैद्यकीय प्रमाणपत्र. ५५ वर्षांनंतर परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो आणि त्या वेळी डॉक्टरने सही करायची असते. ओळखीच्या माणसाला ‘डोळे मिटून’ सही देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. या अर्जावर, जेथे प्रश्नच डोळ्यांचा आहे, तेथे ती प्रथा पाळू नये असे मला वाटते.

मी विचारले, “समोरून गाडी आली की दिव्याभोवती वलयं दिसतात का?” गुरुजी म्हणाले, “ती सगळ्यांनाच दिसतात ना?” मी सही न करता त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. आश्विनात शस्त्रक्रिया झाली, नवा चष्मा मिळेपर्यंत सव्वा महिना गेला आणि कार्तिकी एकादशीनंतर निघण्याचा बेत संक्रांतीनंतरवर गेला. गुरुजी थोडे नाराज झाले. मी मात्र स्वतःवर खूश होतो. हा बदललेला महिना पुढे महत्त्वाचा ठरणार होता.

सही करताना मी तीन अटी घातल्या. सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही. सलग दोन तासांपेक्षा अधिक बसायचे नाही. आणि पुतण्याला दुसरा चालक म्हणून बरोबर न्यायचे. मधुमेहाच्या चालकासाठी आणखी एक नियम आहे: गाडी सुरू करण्यापूर्वी आणि दर दोन तासांनी साखर तपासावी. १०० च्या खाली असेल तर आधी काही खावे. ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, गोंधळ जाणवला, तर गाडी बाजूला घेऊन तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास सुकाणू हाती घेऊ नये. रक्तातील साखर सावरली तरी मेंदूची तत्परता सावरायला वेळ लागतो. सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांनी झोप येते. त्यांतील काहींनी प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी एकाएकी अडकते. प्रवासात वाटेवरच्या दुकानातून ‘सर्दीची गोळी’ मागून घेऊ नये, त्याचे हे कारण.

आतली मांडणी

वृद्धांच्या दृष्टीने अशा गाडीतील सर्वांत धोकादायक जागा म्हणजे तिची पायरी. रस्त्यापासून पहिली पायरी बहुधा गुडघ्याइतकी उंच असते. उतरताना तोल गेला तर खुब्याचे हाड मोडते, आणि त्यानंतरचे आयुष्य पूर्वीसारखे राहील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. गुरुजींनी खाली ओढता येणारी जादा पायरी, दाराच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे आणि पायरीवर उजेड पडेल असा छोटा दिवा लावून घेतला. उतरताना शिडीवरून उतरतो तसे, गाडीकडे तोंड करून उतरावे.

पलंगाची उंची बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील इतकी, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर असावी. रात्री उठताना आधी मिनिटभर कडेवर बसावे, मग उभे राहावे. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांनी उठताना रक्तदाब झटकन उतरतो. मात्र गाडी चालू असताना त्या पलंगावर कोणीही झोपू नये. अचानक ब्रेक लागला तर पट्टा न बांधलेले शरीर आणि न बांधलेला कुकर यांत फरक राहत नाही. सर्वांनी आसनावर, पट्टा लावून बसावे. जड सामान खाली आणि बांधून ठेवावे.

काकूंसाठी गुरुजींनी घरातलीच गोधडी नेली, उशीचा अभ्रा घरचाच ठेवला आणि दाराच्या कडीला घुंगरांची माळ बांधली. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण रात्री उठून बाहेर पडू शकतो. कुलूप लावून त्याला कोंडणे धोक्याचे, कारण आग लागली तर किल्ली सापडत नाही. घुंगरू मात्र काळजी घेणाऱ्याला जागे करते. काकूंच्या बटव्यात नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठीही ठेवली. संध्याकाळी अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते, म्हणून मुक्कामी उजेडातच पोहोचायचे, हे ठरले.

ती सकाळ

डिसेंबरच्या मध्यावर, मोठ्या प्रवासापूर्वी एक रात्र गाडीत काढून पाहावी, म्हणून तिघे पाचगणीच्या बाजूला गेले. थंडी चांगली होती. पुतण्या बाहेर तंबूत झोपला. गुरुजींनी खिडक्या बंद केल्या आणि ओट्यावरची गॅसची छोटी शेगडी ऊब यावी म्हणून मंद ठेवून दिली. जुन्या गाडीच्या खिडक्यांचे रबर नुकतेच बदलले होते. तळाला गंजून पडलेली छिद्रे बुजवली होती. दारातून येणारी फट सिलिकॉनने बंद केली होती. दहा ठिकाणांहून वारा येणारी गाडी आता डब्यासारखी घट्ट झाली होती. काही वेळाने शेगडी आपोआप विझली. बाटलीतला गॅस संपला असावा.

सकाळी साडेसातला गुरुजींचा दूरध्वनी आला. दोघांचेही डोके जड आहे, मळमळते आहे, काकू नेहमीपेक्षा अधिक गोंधळल्या आहेत. “ऑक्सिमीटर लावला, डॉक्टर. दोघांचाही अठ्ठ्याण्णव आहे.”

मी म्हणालो, “मग काळजी नको. घाट, थंडी, नवी जागा. झोप नीट झाली नसेल. चहा घ्या आणि आतच थोडा वेळ पडून राहा.”

दूरध्वनी ठेवला आणि दवाखान्यात आलेल्या पहिल्या बाळाला तपासू लागलो. त्याच्या छातीवर नळी ठेवलेली असताना मनात शब्द उमटला: दोघांचेही. दोन माणसे, दोन वेगळी वये, दोन वेगळे आजार आणि एकाच सकाळी एकच तक्रार. तंबूतला पुतण्या मात्र ठीक. मी नळी काढून पुन्हा दूरध्वनी लावला. “आधी सगळे बाहेर या. दारं उघडा. शेगडी पेटवू नका.” पुतण्या नवी बाटली जोडून चहासाठी काडी ओढणारच होता.

साताऱ्यात आणून रक्त तपासले तेव्हा दोघांच्याही रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला. काही तास मुखवट्यातून प्राणवायू दिल्यावर दोघेही सावरले. शेगडी आणखी तासभर जळत राहिली असती तर हा लेख मला लिहिता आला नसता.

या वायूविषयी प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे. बंद जागेत गॅस, कोळसा, पेट्रोल काहीही जळताना प्राणवायू अपुरा पडला की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. मग शरीरभर रक्त फिरते, पण प्राणवायू पोहोचत नाही. आणि येथेच माझी फसगत झाली: बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड बसलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू बसलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखू शकत नाही. माणूस गुदमरत असतानाही तो ९८ दाखवू शकतो. हे मी विद्यार्थिदशेत शिकलो होतो. त्या सकाळी आकडा ऐकला आणि माणसाकडे पाहायचे राहिले.

आणखी एक गोष्ट मला टोचत राहिली. प्रवास थंडीत गेला तो माझ्या सल्ल्यामुळे. सल्ला बरोबर होता, पण महिना बदलला की धोकेही बदलतात, हे मी गुरुजींना सांगायला हवे होते. सांगितले नाही.

म्हणून हे नियम लक्षात ठेवावेत. झोपायच्या जागेत उबेसाठी शेगडी, सिगडी, निखारे कधीही ठेवू नयेत. वातानुकूलनासाठी इंजिन चालू ठेवून झोपू नये. जुन्या गाडीचा धुराचा नळ सांध्याशी फुटलेला असू शकतो. पेट्रोलचे जनित्र खिडकीजवळ लावू नये. स्वयंपाक करताना समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवाव्यात, किंवा सरळ बाहेर ओट्यावर करावा. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र झोपण्याच्या उंचीवर बसवावे. त्यालाही मुदत असते. ती त्याच्यावर छापलेली असते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणून त्याच्या गळतीचे यंत्र जमिनीलगत लावायचे आणि गॅस बाहेर जाण्यासाठी तळाशी जाळीचे छिद्र मोकळे ठेवायचे. ज्यांच्याकडे गाडी नाही पण बंद स्नानगृहात गॅस गिझर आहे, त्यांनी तर हा परिच्छेद दोनदा वाचावा. आणि एकाच छपराखालच्या दोघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर गोळी शोधण्याआधी सर्वांना बाहेर काढावे.

पाणी, पाय आणि औषधे

प्रवासात ज्येष्ठ मंडळी, विशेषतः भगिनी, एक चूक हमखास करतात: स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग, चक्कर, मूत्रपिंडावर ताण आणि पायातील शिरांत रक्ताची गुठळी असे अनेक प्रश्न उद्भवतात. पाणी कमी करण्यापेक्षा थांबे वाढवावेत. गाडीत लघवीचे भांडे किंवा खुर्चीचा कमोड ठेवण्यात लाज वाटायचे कारण नाही. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती घेण्याची वेळ निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठरवावी. परस्पर बंद करू नये.

जुन्या टाकीच्या आतल्या बाजूला जंतूंचा बुळबुळीत थर असतो. ब्लीचचे विरळ द्रावण रात्रभर ठेवून टाकी दोन-तीन वेळा खळखळून धुवावी आणि तरीही ते पाणी हात-भांड्यांसाठीच वापरावे. पिण्याचे पाणी वेगळे असावे. जुलाब लागल्यास जलसंजीवनीची पुडी हाताशी हवी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते.

दर दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटे चालावे. आसनावर बसल्याबसल्या टाच टेकवून चवडे वर-खाली करावेत. पोटरी हा पायातले रक्त वर ढकलणारा पंपच आहे. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला तर पुढचा घाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे.

वापरात असलेले इन्सुलिन उष्णता नसेल तर साधारण चार आठवडे शीतपेटीबाहेर टिकते. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत मात्र ते काही तासांत निकामी होऊ शकते. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरू नये, म्हणून ते गाडीतील छोट्या शीतपेटीच्या थंड पत्र्याला टेकवू नये. गुरुजींनी शीतपेटी बिघडलीच तर म्हणून मातीचे छोटे मडके आणि ओले फडके बरोबर घेतले. उपाय जुना असला तरी कामाचा आहे. औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा दहा दिवस अधिक घ्यावीत आणि दोन पिशव्यांत विभागावीत. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी खिशातच असावी आणि ती बसून घ्यावी.

एका कागदावर आजार, औषधांची मूळ नावे व मात्रा, रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि घरच्यांचे क्रमांक लिहावेत. सोबत आपला अलीकडचा हृदयालेख ठेवावा. परगावच्या डॉक्टरला नव्या आलेखाशी ताडून पाहायला जुना आलेख मिळाला तर निदान सोपे होते. आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हे क्रमांक गाडीत मोठ्या अक्षरांत चिकटवावेत.

उजव्या हाताला

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी तिघे निघाले. पुणे, नाशिक, धुळे, सेंधवा करत ओंकारेश्वर आणि तेथून परिक्रमा. येऊन-जाऊन चार हजार किलोमीटरांहून अधिक. गाडीत आता दोन सूचक यंत्रे होती, तळाशी जाळी होती आणि शेगडी गाडीबाहेर मांडायच्या चौरंगावर गेली होती. गुरुजींनी निघताना मला विचारले, “डॉक्टर, जावं ना?” मी त्यांना आदल्या महिन्याची आठवण करून दिली नाही, त्यांनाही ती होती. मी काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, “मैयाकडं जायचंय.” त्या दिवशीचा वार त्यांना सांगता आला नसता, पण हे सांगता आले.

सतराव्या दिवशी अमरकंटकहून दूरध्वनी आला. कडाक्याची थंडी होती. दोघे तीन-तीन गोधड्यांत होते आणि शेगडी बाहेर होती. साखर, रक्तदाब, पोटऱ्या यांचा अहवाल गुरुजींनी पाढ्यांसारखा म्हणून दाखवला. मग म्हणाले, “रोज उठल्यावर विचारते, मैया कुठल्या हाताला आहे? मी सांगतो, उजव्या. मग शांतपणे दात घासायला जाते. दुपारी पुन्हा विचारते.”

परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची असते. रोज बदलणाऱ्या गावांत काकूंना विचारायला एक प्रश्न मिळाला होता, आणि गुरुजींकडे त्याचे कधीही न चुकणारे उत्तर होते.

आपणही लांबच्या वाटेवर निघणार असाल तर जरूर निघा. गाडी तपासून घ्या, स्वतःला तपासून घ्या. आणि आपला डॉक्टर दूरध्वनीवर आकडा ऐकून “काळजी नको” म्हणाला, पण मन मानत नसेल, तर त्याला पुन्हा एकदा दूरध्वनी करा.